आवाजाचं सुतक

आमच्या घरमालकिणीला एकट्या डाव्या डोळ्यानं रडता यायचं. उजवा डोळा तेवढा वेळ समोरच्यावर रोखलेला असायचा, परिणाम होतोय की नाही ते बघायला. पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबून आत येईना झाला, की त्या दारात उभ्या राहायच्या, मान जरा तिरकी करायच्या आणि डाव्या डोळ्यातून एकच टपोरा थेंब गालावर सोडायच्या. टँकरवाला निमूट गाडी मागे घेत दारापर्यंत यायचा. एकदा बीडच्या एस.टी.त बसायला जागा नव्हती. खिडकीशी एक धडधाकट फौजदार बसला होता. बाईंनी थेंब सोडला. फौजदार उठला तो थेट बीडच्या स्टँडापर्यंत उभाच राहिला, वर उतरताना पायाही पडला.

"कॅमेरा मेले डावीकडूनच लावायचे," त्या मला सांगायच्या. "मग उजवा डोळा उगी कावून शिनवायचा?"

मी मूळची अंबाजोगाईची. धारूरच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा त्यांच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गाव त्यांना माघारी 'हिरोईनबाई' म्हणायचं आणि तोंडावर 'आक्का'. मीही आक्काच म्हणायला लागले. त्या मला 'मास्तरीण' म्हणायच्या, आणि त्या म्हणण्यात आदर होता असं मला शपथेवर सांगता येणार नाही.

हिरोईन मात्र त्या खरोखरच होत्या. सिनेमा काळा-पांढरा होता त्या काळातल्या. ज्या चित्रपटांच्या नावात कुंकू, माहेर नाहीतर पाटील यांपैकी एक तरी असायचंच, त्यांत त्यांनी कामं केली होती. बहुतेक सिनेमांत त्या मरायच्या. एकात विहिरीत, एकात बाळंतपणात, एकात नुसती बातमी ऐकून.

"बातमी आईकून मरनं लई सोपं," त्यांचं मत. "नुस्तं खांबाला टेकायचं. विहिरीत लई हाल. एक तर पानी गार, अन् डायरेक्टर म्हनतो, बाई, बुडताना जरा लाजा."

मरणाचा एवढा अनुभव असल्यामुळे गावातल्या मयतीला गेल्या की त्या तिथलं रडणं पारखूनच यायच्या. "थोरल्या सुनंचं ठीक हाय. धाकटी लई वरून रडती, पोटातून न्हाई." भांडायची पद्धतही त्यांची स्वतःची होती. शेजारच्या बाईशी भिंतीवरून जुंपली आणि भांडण रंगात येऊ लागलं, की "थांब गं, आले" म्हणून त्या घरात जायच्या, तोंडाला पावडर लावायच्या, पदर नीट करायच्या आणि बाहेर येऊन तुटलेल्या वाक्यापासून पुढे सुरू करायच्या. शेजारीणही बिचारी थांबून राहायची. लग्नात फोटो काढताना त्यांची डावी बाजू कॅमेऱ्याकडे यावी म्हणून नवरा-नवरीसकट अख्खं वऱ्हाड सरकवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाजारात चाचांचा फळांचा गाडा होता. हंगामात सीताफळं, एरवी केळी. चाचा तरुण असताना जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, त्यात आक्कांचा सगळ्यांत गाजलेला चित्रपट. शेवटी सासरचे आक्कांना घराबाहेर काढतात. आक्का उंबऱ्यावर वळतात, डाव्या डोळ्यातून थेंब सोडतात आणि नवऱ्याला म्हणतात, "मी जाते. पण या घराचा उंबरा माझ्यामागे रडेल, आणि सांजवेळी देवापुढे दिवा कोण लावणार, याचं उत्तर तुम्हाला कोणी देणार नाही!" चाचांनी तो सिनेमा जत्रा उठेपर्यंत रोज पाहिला होता. तेव्हापासून आक्का गाड्यासमोरून गेल्या, की चाचा हातातलं फळ छातीशी धरून हे वाक्य म्हणायचे, तेही सिनेमातल्यासारखं, स्वच्छ आणि गोड. आणि मग विनवायचे, "आक्का, एक डाव तुमच्या तोंडून होऊन्द्या की."

आक्कांनी ते वाक्य कधीही म्हटलं नाही. कधी घसा बसलेला असायचा, कधी उपास असायचा. एकदा म्हणाल्या, "त्यो डायलॉग म्हनला की लाईट जाती." गावाला वाटायचं, हिरोईन आहे, थोडा माज असणारच. बोलताना 'हाय-न्हाई' करणाऱ्या या बाईचा पडद्यावर असा आवाज कसा, हा प्रश्न कुणाला पडला नाही. ठेवणीतल्या शालूसारखा तोही पेटीत घडी घालून ठेवला असेल, असं सगळे धरून चालले होते. त्या 'सगळे'मध्ये मी मराठीची शिक्षिकाही होते.

एक दिवस दुपारी कॉलेजातून आले तर आक्का अंगणात ओल्या केसांनी बसलेल्या. सकाळची अंघोळ झालेली मी पाहिली होती. देवघराचं दार लोटलेलं. स्वयंपाकघरात फोडणीचा वास नाही. गादी गुंडाळून भिंतीशी, खाली नुसती चटई.

"आक्का, कोण गेलं?"

"माजा आवाज," त्या म्हणाल्या. "पुन्यात वारला, सकाळच्या पारी."

मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. पण त्या अगदी शुद्धीवर होत्या. त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं.

इथल्याच किल्ल्यावर शूटिंगला मंडळी आली होती तेव्हा आक्का गर्दीत घागर घेऊन उभ्या होत्या. मुख्य नटीला रडू येईना. डायरेक्टर चिडला आणि गर्दीकडे बघून ओरडला, "इथं कुणाला रडता येतं का?" आक्कांनी तिथल्या तिथे रडून दाखवलं. चेहरा बघून माणूस खूश झाला. मग त्यानं दोन वाक्यं म्हणायला लावली. आक्कांनी म्हटली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बाई, तुमच्या चेहऱ्यात ण आहे, जिभेत नाही."

त्या 'ण'साठी पुण्याची एक बाई ठेवली. आक्का पडद्यावर ओठ हलवायच्या, ती काचेच्या खोलीत बसून बोलायची. एका सिनेमात जमलं, मग सगळ्यांत तेच. जाहिरातीत नाव आक्कांचं, तिचं कुठेच नाही. दोघींची भेट झाली ती एकदाच.

"मला म्हनली, तुम्ही ओठ किती सुंदर हलवता हो! मी म्हनलं, ढोरं बी हलवत्यात. लई हसली. बाई चांगली हुती गं. दर दिवाळीला फोन करायची. मला म्हनायची, काय म्हनतोय माझा चेहरा? आज तिच्या पोराचा फोन आला. आईच्या फोनमदी तुमचं नावच न्हाई म्हनं, 'माझा चेहरा' असं लिवलंय, तुमी कोन?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगनार? म्हनलं, चेहराच बोलतोय." त्यांनी ओल्या केसांची गाठ मारली. "आता सुतक धरावं लागंल का न्हाई, तूच सांग. रक्ताचं नातं न्हाई, पन गळ्याचं तर हाय."

मराठीच्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, धरा. त्यांनी ते अगदी रीतसर धरलं.

नेमके त्याच दिवसांत तालुक्यातले एक होतकरू पुढारी दारात आले. पांढरे कपडे, मागे चार पोरं. सगळे त्यांना दादा म्हणायचे, आक्कांच्या नातवाच्या वयाचे असूनही. "आक्का, भूमिकन्या म्हनून तुमचा जंगी सत्कार करायचाय. मंगल कार्यालयात. आदी तुमचा पिक्चर दावायचा, मंग तुमी स्टेजवरून त्यो दिव्याचा डायलॉग म्हनायचा. अख्खा तालुका यिल."

"सुतक हाय," आक्का म्हणाल्या.

"कोन वारलं?"

"लांबचं. गळ्यापासलं."

दादा म्हणाले, सुतक फिटू द्या, तोवर आमचेही पाहुणे मोकळे होतील. चौकात फ्लेक्स मात्र दुसऱ्या दिवशीच लागला. त्यावर दादांचा फोटो सगळ्यांत मोठा, बाकीच्या नेत्यांचे मध्यम, आणि कोपऱ्यात आक्कांचा. तो फोटो आक्कांचा नव्हता. पोरांनी इंटरनेटवरून त्याच सिनेमातल्या दुसऱ्या नटीचा उचलला होता. मी तावातावानं सांगायला निघाले, तर आक्कांनीच हसून अडवलं. "राहू दे गं. ती बी मेली बिचारी. तिचा तरी कुनी केलाय सत्कार?"

पण त्या घाबरल्या होत्या. फ्लेक्सकडे बघून हसणारी ही बाई त्या दिवशी संध्याकाळी पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली.

"मास्तरीण, लोकांनी तिला कदी बगितलं न्हाई, मला कदी आईकलं न्हाई. दोगींची मिळून एक बाई झाली हुती. त्यातली अर्दी वारली. उरल्याली अर्दी स्टेजवर जाऊन काय करनार?"

"खरं सांगून टाका ना लोकांना."

"अन् लोक म्हनले, मंग तू कोन? तुजं काय हुतं त्यात? चाचा तर गाडा सोडून जाईल. इतकी वर्सं त्यो मानूस रोज कुनाला हाका मारतोय?"

मला खूप वाईट वाटलं. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. म्हटलं, वाक्य एकच आहे, मी बसवून घेते. त्या सिनेमावाल्यानं वाक्य लिहिताना ण मोजून नव्हे, सढळ हातानं घातले होते. पण, आणि, कोण, लावणार, कोणी, देणार. मी सांगायची, "आक्का, जिभेचा शेंडा मागे न्या आणि टाळूला लावा."

"लावला."

"लागत नाहीये."

"आगं लागंल कसा? तितं कवळी हाय!"

कवळी काढून पाहिलं, तर ण आला नाहीच, उरलेली मुळाक्षरंही गेली. चार दिवस आमच्या अंगणात 'कोन्न, कोन्न' चालू होतं. शेजारीण भिंतीवरून डोकावून विचारून गेली, कोंबडी हरवली का म्हणून. शेवटी आक्कांनी कवळी पुन्हा बसवली. "बास झालं. या वयात जीभ उलटी केली तर गिळून बसंल. जे व्हायचं ते हुईल."

सत्काराच्या दिवशी मंगल कार्यालय दुपारीच भरलं. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. चाचा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत. आक्कांना स्टेजच्या कडेला सिंहासनासारख्या खुर्चीत बसवलं होतं, आदल्या दिवशीच्या लग्नातली असावी. त्यांनी ती खुर्ची आधी फिरवून घेतली, डावी बाजू लोकांकडे येईल अशी. कॉम्प्युटर क्लासवाल्यानं इंटरनेटवरून सिनेमा लावला. पाट्या सुरू झाल्या आणि ऐन नांदीत ठिबक सिंचनाची जाहिरात आली. लोकांनी तीही भक्तिभावानं पाहिली.

पडद्यावर पंचविशीतल्या आक्का घागर घेऊन आल्या आणि त्या पुण्याच्या गोड आवाजात म्हणाल्या, "सासूबाई, पाणी आणलं." चाचांनी डोळे मिटून मान डोलावली. मी आक्कांकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या. मग त्यांनी शेजारचा माइक उचलला.

"आवाज बंद कर रे," त्या क्लासवाल्याला म्हणाल्या. "पिक्चर चालू दे. नुस्ता आवाज बंद कर."

त्याला वाटलं, भाषण करायचं असेल. त्यानं आवाज बंद केला. पडद्यावर सासू नुसतीच हातवारे करू लागली.

"ही सासू लई चांगली बाई हुती," आक्का सांगू लागल्या. "मला घरून लाडू आनायची. आता बगा कशी मारती." सासूनं मुस्काटात मारली. लोक हसले. पडद्यावरच्या आक्कांचे ओठ हलले आणि खुर्चीतल्या आक्का बरोबर त्याच ठेक्यात माइकवर बोलल्या, "मारा की आत्याबाई, कावून थांबलाव? हात दुकंपत्तर मारा." सगळा हॉल खदखदून हसला. हिरो आला, मिशी फेंदारून काहीतरी लांबलचक बोलू लागला. "ह्यो काय म्हनतोय ते मला तवाबी कळलं न्हवतं. बोलू द्या त्याला. त्वांडाला कांद्याचा लई वास मारायचा."

दादा पाहुण्यांपुढे घामाघूम झाले होते. ते धावत आले. "आक्का, आवाज लावू द्या ना. लोक डायलॉगला आलेत."

"दादा, सत्कार माजा हाय का मशीनचा?"

दादा बसले. पण आता चाचा उभे राहिले. ते हसत नव्हते. "आक्का, मजाक पुरे. त्यो आवाज कुटं गेला?"

आक्कांनी माइक खाली घेतला, पुन्हा वर घेतला.

"वारला, चाचा. पुन्यातली एक बाई हुती, तिचा हुता. तिचं सुतक मी धरलं. माजा त्यो कदीच न्हवता. माजा ह्यो असा हाय. मला तोंड दिलं देवानं, पन त्यातून बोलू दिलं न्हाई कुनी."

कुणी हसलं नाही. पडद्यावर सिनेमा मुकाट पुढे सरकत होता आणि नेमका उंबऱ्यापाशी येऊन ठेपला. तरुण आक्का वळल्या. कॅमेरा डावीकडून जवळ गेला. थेंब आला. ओठ हलले.

"जाती मी," म्हाताऱ्या आक्का म्हणाल्या, अगदी हळू, घरातल्या माणसाला सांगावं तसं. "पन सांजच्याला दिवा कोन लावनार हाय, ते बगा तुमचं तुमी."

वाक्य लहान पडलं. पडद्यावर ओठ अजून हलतच होते, आणि ते तसेच मुके हलत राहिले. बायकांच्या बाजूनं कुणीतरी "बाई गं" म्हटलं. सिनेमात ते वाक्य ऐकून मला नेहमी हसू यायचं. आज पहिल्यांदा कळलं की या बाईला खरंच घराबाहेर काढलं आहे. वर पडद्यावर ती रडत होती, खाली खुर्चीत आक्का कोरड्याच होत्या. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. शाल, नारळ, हार सगळं झालं. चाचा मात्र टाळ्या न वाजवताच निघून गेले होते.

पुढचे काही दिवस आक्का बाजारात जरा जास्तच जायला लागल्या. कधी कोथिंबीर विसरायच्या, कधी मीठ. रोज गाड्यावरून जायच्या आणि चाचा मान खाली घालून फळं पुसत राहायचे. आक्का घरी येऊन म्हणायच्या, "मला काय फरक पडतोय?" आणि त्या दिवशी शेजारणीशी पावडर न लावताच भांडायच्या. त्यांचा सगळा तालुका एका बाजूला होता आणि तो एक फळवाला दुसऱ्या बाजूला.

मग एके दिवशी मी बरोबर असताना चाचांनी वर न बघता दोन पिकलेली सीताफळं उचलली, छातीशी धरली आणि म्हणाले, "जाती मी, जाती मी म्हनताव रोज. पन सांजच्याला ही सीताफळं कोन खानार हाय, ते बगा तुमचं तुमी."

आक्का भर बाजारात एवढ्या हसल्या की कवळी हातात घ्यावी लागली. त्यानंतर रोज तेच. चाचा एक वाक्य म्हणायचे आणि आक्का उलट दोन ऐकवायच्या, स्वतःच्या आवाजात, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा.

पुढचा सीताफळाचा हंगाम त्यांनी पाहिला नाही. दुपारच्या झोपेत गेल्या. तोंडाला पावडर होती आणि डावी बाजू दाराकडे. मयतीला आलेल्या बायकांचं रडणं मी आक्कांच्या नजरेनं पारखून पाहिलं. बरं होतं, पोटातून होतं. भाडेकरणीला सुतक नसतं. मी धरलं.

दादांनी चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. या वेळी फोटो आक्कांचाच होता, सत्कारातला. खाली मोठ्या अक्षरांत ते वाक्य छापलं होतं, उंबरा, सांजवेळ आणि सगळे ण जागच्या जागी. त्याखाली चाचा गाडा थांबवून उभे होते.

"मॅडम," मला बघून म्हणाले, "आक्का असं न्हवती म्हनली."

माझ्या पर्समध्ये पेपरांच्या गठ्ठ्यांवर वर्ग लिहायचा लाल मार्कर असतो. चाचांनी गाडा फ्लेक्सला टेकवून दोन्ही हातांनी धरला आणि मी केळी बाजूला सारून त्यावर चढले. नोकरी लागल्यापासून मी पोरांचे न खोडून तिथे ण लिहीत आले आहे. त्या दिवशी भर चौकात उलटं केलं. आधी रडणारा उंबरा खोडला. मग न मिळणारं उत्तर खोडलं. मग 'मी जाते'चं 'जाती मी' आणि 'सांजवेळी देवापुढे'चं 'सांजच्याला' केलं. मग 'पण'चं 'पन' केलं, 'कोण'चं 'कोन' केलं, 'लावणार'चं 'लावनार हाय' केलं आणि शेवटी जागा होती तिथे लिहिलं, 'ते बगा तुमचं तुमी.' शेवटची अक्षरं वाकडी आली, कारण मला नीट दिसत नव्हतं.

खाली उतरले तेव्हा चाचांनी ते वाक्य बोट फिरवत वाचलं आणि मान डोलावली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खांद्यावरचा पंचा पुढे केला.

"मॅडम, उजवा डोळा पुसा आदी," ते म्हणाले. "आक्का बगत असली तर चिडंल."